झाकण नव्हे, काठी पाहा

महाबळेश्वरच्या पावसात भिंतींना ओल येते, कपाटातल्या पुस्तकांवर बुरशी चढते, हे इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. गाडीच्या इंजिनातही ओल साठते, हे मला कळलं ते इथंच, ऐन जुलैत.

गाडी पेट्रोलची, आधीच्या मालकाकडून घेतलेली. घरापासून शाळा दीड-दोन किलोमीटरवर. पावसाळ्यात छत्रीचा काही उपयोग नसतो, म्हणून रोज गाडी काढायची, पाच मिनिटं चालवायची आणि मग ती दिवसभर धुक्यात उभी. एका सकाळी बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण फिरवलं, तर त्याच्या आतल्या बाजूला फेटलेल्या लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर. बोटानं खरवडला तर चिकट, वास मात्र ऑइलचाच.

गावातल्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथल्या माणसानं झाकण पाहिलं, इंजिन चालू करून सायलेन्सरमधला पांढरा धूर पाहिला आणि सांगून टाकलं, हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलायचं, हेड फेसिंगला पाठवायचं, पंचवीस-तीस हजार धरून चाला. माझ्या पोटात गोळाच आला. पण मला खटकलं ते वेगळंच. ऑइल काठीवर बघतात एवढं मलाही ठाऊक होतं, आणि या माणसानं ती काठी बाहेरसुद्धा काढली नव्हती. कूलंटच्या टाकीकडे तर पाहिलंही नव्हतं.

वाईला आमच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांना फोन लावला. म्हणाले, ‘‘बाई, झाकण राहू द्या. काठी पुसा, परत बुडवा, मग काय दिसतंय ते मला सांगा.’’ काठीवर ऑइल तपकिरी होतं, पारदर्शक होतं, पातळी दोन खुणांच्या मधोमध. कूलंटही खुणेवर. ‘‘मग या निवांत घाट उतरून,’’ ते म्हणाले, ‘‘फक्त तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा.’’

वाईला पोचल्यावर त्यांनी जे समजावलं ते मला शाळेत रसायनशास्त्र शिकवतानाही कधी असं जोडता आलं नव्हतं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही, लिटरभर पेट्रोलमागे साधारण लिटरभर. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं तर ती ब्रीदर पाइपातून परत इंजिनात ओढली जाऊन सायलेन्सरमधूनच बाहेर पडते. इंजिन थंडच राहिलं तर ती सर्वांत गार जागी, म्हणजे वरच्या कव्हरला आणि झाकणाला धरते, ऑइलमध्ये घुसळली जाते आणि असा लगदा होतो. गॅस्केट फुटून कूलंट ऑइलमध्ये गेलं असतं, तर चेंबरमधलं सगळंच ऑइल दुधाळ झालं असतं, काठीवरची पातळी चढली असती आणि कूलंटची टाकी रिकामी होत गेली असती. आणि तो पांढरा धूर? महाबळेश्वरच्या दमट गारठ्यात सकाळी कुठल्याही गाडीतून तो निघतो. इंजिन तापल्यावरही थांबला नाही आणि त्याला गोडसर वास आला, तरच काळजी.

तरीही त्यांनी नुसत्या तर्कावर सोडलं नाही. शेगडीवर लोखंडी पत्रा चांगला तापवला, डोळ्यांना चष्मा लावला आणि झाकणाखालच्या लगद्याचा कण त्यावर टाकला. तडतड करून तो फुटला. मग काठीच्या टोकाचा एक थेंब. तो पसरला, कडेला दोन-चार बारीक बुडबुडे आले आणि नुसता धूर निघाला. ऑइलमध्ये हजारात एक भाग पाणी असलं तरी असा थेंब तडतडतो, ते म्हणाले. नंतर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवून एक बारभर दाब दिला. आमचा चहा झाला तरी पंपाचा काटा जागचा हलला नव्हता. गॅस्केट शाबूत होतं.

इथं दुसरा कुणी ‘ऑइल बदला आणि निघा’ म्हणाला असता. मिस्त्रींना मात्र वेगळंच काही टोचत होतं. अख्खा पसरणीचा घाट उतरून गाडी आली, उतारावर इंजिन गार राहतं हे धरलं, तरी तापमानाचा काटा पाव भागाच्या वर चढला नव्हता, हे मी बोलता बोलता सांगितलं होतं. त्यांनी इंजिन पूर्ण निवू दिलं. मग चालू करून माझा हात रेडिएटरच्या वरच्या नळीवर ठेवायला लावला. नळी पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होऊ लागली. ‘‘थर्मोस्टॅट असता तर ही बराच वेळ गार राहिली असती आणि मग एकदम तापली असती,’’ ते म्हणाले. पान्यानं दोन बोल्ट काढले. आत फक्त रबरी रिंग होती. थर्मोस्टॅट कुणीतरी काढूनच टाकला होता.

हा आपल्याकडचा जुना, वाईट रिवाज आहे. गाडी तापते म्हटलं की काही गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढून फेकतात. तो कूलंट ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना पोचेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तो नसला की इंजिन सदा गार, पेट्रोल जास्त जळणार, त्यातलं काही ऑइलमध्ये मिसळणार, आणि ओल उडून जायला लागणारी उष्णता मिळणारच नाही. ओलं ऑइल बेअरिंगवर पुरेसा थर धरत नाही, आतून गंज चढतो, गाळ चेंबरमधल्या जाळीत अडकतो. गॅस्केट शाबूत असूनही इंजिन अशानं मरतं.

नवा थर्मोस्टॅट बसला, ब्रीदर पाइप साफ झाला, ऑइल आणि फिल्टर बदलले. परतताना पसरणीच्या चढावर काटा मध्यावर आला आणि तिथंच थांबला. आता रविवारी मी मुद्दाम वाईपर्यंत जाऊन येते. उतरताना नव्हे, चढताना इंजिनाला खरी ऊब मिळते. आणि ऑइल कूलंटपेक्षा उशिरा तापतं, म्हणून काटा मध्यावर आल्यावरही निदान वीस मिनिटं गाडी चालू द्यावी लागते.

तुमच्या झाकणाखाली असा थर दिसला तर कुणालाही लगेच हेड उघडू देऊ नका. आधी काठी, मग कूलंटची टाकी, मग तापमानाचा काटा, एवढं समोर उभं राहून पाहायला लावा. मात्र काठीवरचंच ऑइल दुधाळ असेल, पातळी वर चढली असेल किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर चावी फिरवू नका. ती टो करूनच गॅरेजला न्या.