तलवार हातात, कसब पायात!

तलवारबाजी म्हटलं की आपली नजर जाते ती हाताकडे. जपानमध्ये मात्र केंदो, म्हणजे तलवारीची विद्या, शिकायला आलेल्या मुलाला आधी चालायला शिकवतात. घरभर हुंदडणारं, शाळेत पळत जाणारं ते पोर लाकडी जमिनीवर अनवाणी उभं राहतं आणि एकेक पाऊल सरकवू लागतं. उजवा पाय पुढे, डावा मागे, डावी टाच जराशी उचललेली. पाऊल उचलायचं नाही, जमिनीवरून घासत न्यायचं. पुढचा पाय सरकला की मागच्याने लगेच त्याला गाठायचं. नजर पहिली, पाय दुसरे, हिंमत तिसरी आणि बळ चौथं, असा क्रमच तिथे जुन्या जाणत्यांनी लावून दिला आहे.

कुमामोतो शहरातल्या एका गृहस्थांनी हा धडा वयाच्या दहाव्या वर्षी गिरवला. पुढे नोकरी, संसार, मुलांची लग्नं सगळं झालं, पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कधी चुकल्या नाहीत. साठी उलटली तरी त्यांची झेप तरुणांना लाजवणारी होती. केंदोमध्ये नुसता फटका लागून गुण मिळत नाही. आवाज, तलवार आणि शरीर यांचा मेळ एका क्षणात जमावा लागतो. म्हणून डाव्या पायाने शरीर पुढे लोटायचं आणि बांबूची तलवार प्रतिस्पर्ध्याच्या शिरस्त्राणावर पडते त्याच क्षणी उजवा पाय जमिनीवर आपटायचा.

सगळा भार येतो तो डाव्या पायावर. एका संध्याकाळी झेप घेताना त्यांना वाटलं, मागून कुणीतरी लाथ मारली. वळून पाहतात तर मागे कुणीच नाही! पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर तुटली होती. केंदो खेळणाऱ्यांमध्ये ही दुखापत अनोळखी नाही. शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर झालं, महिने गेले. डॉक्टरांनी बजावलं, ‘‘चाला, फिरा, पण उड्या आता पुरे.’’ पत्नीने तर चिलखताची पिशवी माळ्यावर टाकली. ‘‘पुन्हा पडलात तर तुम्हाला उचलायचं कुणी?’’ तिचंही चुकत नव्हतं.

घरी बसून त्यांनी मियामोतो मुसाशीचं पुस्तक पुन्हा काढलं. हा नामांकित तलवारबहाद्दर अखेरच्या काळात कुमामोतोजवळच्याच रेइगान्दो गुहेत बसून लिहीत होता. 1645 मध्ये तो वारला. पायांविषयी त्याचं सांगणं अगदी साधं आहे : बोटं किंचित हलकी ठेवा, टाच घट्ट रोवा आणि रोजच्यासारखं चाला. उडणारं, तरंगणारं, आपटून रुतणारं पाऊल त्याला नापसंत होतं. पाय दोन्ही चालले पाहिजेत, एकच नव्हे.

म्हणजे जन्मभर शिकलेलं चुकीचं होतं की काय? तसं नाही. मुसाशीच्या काळी लढत व्हायची ती गवतात, चिखलात, खाचखळग्यांत. पायात गवती चपला, हातात धारदार पोलाद. पाय घसरला की जीव गेला! पुढे अठराव्या शतकात बांबूची तलवार आणि सरावाचं चिलखत रुळलं. प्राणभय न बाळगता पूर्ण जोराने वार करता येऊ लागला. गुळगुळीत लाकडी जमिनीवर वेगाला महत्त्व आलं आणि टाच वर उचलली गेली. जमीन बदलली, तसं पाऊल बदललं.

तरीही जुनी चाल पुरती हरवली नाही. 1912 मध्ये निरनिराळ्या घराण्यांतून वेचून केंदोचे ठरावीक डाव बांधले गेले. सात लांब तलवारीचे, तीन आखूड तलवारीचे. त्यात दोघेजण लाकडी तलवारी घेऊन समोरासमोर येतात ते एकाआड एक पाऊल टाकत, माणूस चालतो तसे. तिथे झेप नाही, आपटणं नाही.

गृहस्थांनी पत्नीला हे सगळं समजावलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘आधी मला चालून दाखवा.’’ जेवणघरातच त्यांनी तीन पावलं टाकली. सावकाश, न अडखळता. तिने लाकडी तलवार तेवढी काढून दिली. चिलखत माळ्यावरच राहिलं.

आता ते पुन्हा जातात. वर्गात नवी मुलं आली की सर्वांत मागच्या रांगेत उभे राहून त्यांच्याबरोबर पाऊल सरकवतात. दहाव्या वर्षी कंटाळवाणा वाटलेला तो धडा साठीनंतर त्यांना नव्याने गिरवावा लागतो आहे. एखादं पोर घाईने पाय उचलतं, तेव्हा ते हळूच म्हणतात, ‘‘सावकाश, बाळ. चालता आलं की बाकीचं येतं.’’