पाटे आणि पाट

उंची वाढवण्याचा सोस माणसाला फार जुना. मुले दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा ओढतात, तरुण टाचा उंचावून छायाचित्रात उभे राहतात, आणि ज्यांचे हे दोन्ही दिवस सरले ते गाडी उंच करू पाहतात. आमच्या दादाला हा सोस साठीनंतर जडला. गाडी मात्र माझी होती.

गाडी म्हणजे मारुतीची जिप्सी. १९८५ साली ती आपल्याकडे आली. घराणे सुझुकीच्या जिम्नीचे; अंगाने लहान, स्वभावाने हट्टी. तिच्या पुढच्या चाकांना जोडणारा एक अखंड आस आणि मागच्यांना जोडणारा दुसरा. आणि त्यांवर सारा देह तोलून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या चार कमानी. आमचे मिस्त्री त्यांना पाटे म्हणतात. टांग्याला असत तसेच हे पाटे. टांगे गेले, पाटे राहिले.

प्रश्न होता आमच्या कोकणातल्या घराच्या वाटेचा. शेवटचा मैलभर जांभ्याच्या दगडातली चाकोरी आहे, आणि एका ठिकाणी दोन चाकोऱ्यांच्या बरोबर मध्ये एक दगड वर आलेला आहे. तो फोडून का टाकत नाही, असे तुम्ही विचाराल. तो हद्दीचा दगड आहे. डावी चाकोरी आमची, उजवी चुलत्यांची. त्या दगडाला पहार लागली तर गाडी घरी जाण्याऐवजी कोर्टात जाईल. म्हणून आजवर गाडी त्याच्या अलीकडेच थांबे आणि आम्ही पायी जात असू. पण आईला अठ्ठ्याहत्तरावे लागले, गुडघे बोलू लागले, आणि गेल्या वर्षी गणपतीला ती आली नाही. "तुम्ही जाऊन या," एवढेच म्हणाली. हे वाक्य घरात कोणाला सहन झाले नाही.

दादाने उपाय काढला तो पाच इंचांचा. जिप्सीचे पाटे मुळात आसाच्या खालून गेलेले असतात. ते काढून आसाच्या वर बसवले की आसाच्या नळीची जाडी, पाट्यांच्या थराची जाडी आणि मधल्या बैठकीची उंची, या सगळ्यांची बेरीज होऊन गाडी सुमारे पाच इंच वर जाते. ऐकायला फार सोपे. पण मग शाफ्टचा कोन वाढतो, त्याचे क्रॉस कुरकुरतात, ब्रेकच्या रबरी नळ्या आखूड पडतात, सुकाणूचा दांडा तिरका होतो. दोन चाकांमधले अंतर मात्र जेमतेम १३० सेंटीमीटरच राहते. पाटावर बसलेले मूल कलंडत नाही, स्टुलावरचे कलंडते. त्यात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बनावटीत मनमानी फेरफार करू देत नाही. हे सर्व मी दादाला सांगितले. दादा म्हणाला, "तू पहिल्यापासून भित्रा."

तेव्हा मी टेप घेतली आणि दगडापाशी गेलो. चाकोरीच्या तळापासून दगडाचा माथा २१ सेंटीमीटर. मग सपाट फरशीवर गाडीखाली आडवा झालो. आसाच्या मध्ये डिफरन्शियलचा जो गोळा असतो, तो जमिनीपासून २० सेंटीमीटर. म्हणजे सारे भांडण एका सेंटीमीटरचे!

आणि खरी गंमत तिथेच होती. तो गोळा आसात असतो, आस चाकांना बांधलेला असतो, आणि पाटे असतात ते आस आणि सांगाडा यांच्या मध्ये. पाटे वर घ्या, दुप्पट करा, हवे तर त्यांवर मजला चढवा. वर जाईल तो सांगाडा, गोळा तसूभरही हलणार नाही. दादाच्या पाच इंचांनी आईची पायरी पाच इंच उंच झाली असती, आणि दगडाने गोळ्याला पूर्वीइतकीच टक्कर दिली असती. उलट गाडीत नारळाची दोन पोती टाकली तरी पाटे दबतील, गोळा टायर दबेल तेवढाच खाली येईल. गोळा वर न्यायचा तर चाकच मोठे हवे, आणि तेही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच वर नेते.

माझे टायर होते २०५/७० आर १५. या आकड्यांत व्यास दडलेला असतो. २०५ मिलिमीटर रुंदीच्या ७० टक्के ही एका बाजूची उंची. ती दोनदा घेतली की २८७. त्यात पंधरा इंची रिमचे ३८१ मिळवले की ६६८. २१५/७५ चा तोच हिशेब ७०४ च्या आसपास जातो. फरक ३६, निम्मा १८. वीस सेंटीमीटरचे पावणेबावीस झाले. शिवाय जुने टायर झिजलेले, तेव्हा नव्यांचे दोन-चार मिलिमीटर वरकड. (काटा मात्र तेव्हापासून सत्तावन्न दाखवतो तेव्हा गाडी साठाने पळत असते. आम्हा दोघांनाही त्याची सवय झाली आहे.)

मग पाट्यांना हात लावायचाच नाही? लावायचा, पण दगडासाठी नव्हे, टायरसाठी. मोठा टायर खड्ड्यात मडगार्डला घासता कामा नये. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापे घेऊन ती नवे पाटे घातलेल्या एका शेजारच्या जिप्सीशी ताडून पाहिली. माझी डावीकडे अडीच आणि उजवीकडे चार सेंटीमीटर बसली होती. उजवीकडे मी बसतो. वीस वर्षांची माझी वाढ तिने अशी मुकाट्याने लिहून ठेवली होती.

मिस्त्री म्हणाले, "लांब शॅकल टाकू या, साहेब, स्वस्तात काम." शॅकल म्हणजे पाट्याचे एक टोक ज्यावर झुलते ती जोडपट्टी. आजारी माणसाच्या बाजेला पायथ्याकडून विटा लावतात ना, तसेच हे. एका टोकाला चार बोटे उचललेत की मध्ये निजलेला दोनच बोटे वर येतो. जिप्सीत हे टोक पुढच्या पाट्याला बंपरच्या बाजूला असते. तिथे शॅकल लांबवले की आस पुढे वाकतो आणि सुकाणूची आपणहून सरळ होण्याची सवय मोडते. घाटात ही सवय फार मोलाची. मी मूळ मापाचेच नवे पाटे घालायला सांगितले. मिस्त्रींनी गिऱ्हाईक चक्रम ठरवले आणि काम चोख केले.

हिशेबाप्रमाणे डावीकडचा उंबरठा साधारण ४३ मिलिमीटर वर गेला: नव्या पाट्यांचे २५ आणि टायरचे १८. मला तेवढीच धास्ती होती. आई गाडीपाशी आली, एक पाय उचलून पाहिला, खाली ठेवला, आणि घरात परत गेली. दादाने माझ्याकडे असे पाहिले की जणू उंची मीच वाढवली आणि मीच कमी केली.

आई आली ती जेवणाचा पाट घेऊन. मी मोजला, खालच्या पट्ट्यांसकट पंचेचाळीस मिलिमीटर. तिने टेप न लावताच आणला होता.

दगडावरून गाडी गेली तेव्हा मी उतरून खाली वाकून पाहत होतो आणि दादा चालवत होता. गोळा आणि दगड यांच्यामध्ये माझी करंगळी जेमतेम मावली असती. आईने काचेतून विचारले, "चुलत्यांच्या दगडाला लागलं नाही ना?" तो पाट आता गाडीतच असतो. त्याला तिने सुतळी बांधली आहे; बसल्यावर स्वतःच वर ओढून घेते.