नारू असा गेला

माझ्या आजीचं माहेर जत तालुक्यात आहे. लहानपणी तिच्या पायातून नारू निघाला होता. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचे. फार आग व्हायची, असं आजी सांगते.

नारूला लसही नाही, औषधही नाही. नारू झालेल्याने पायविहिरीत पाय बुडवला की पिल्लं पाण्यात पडतात. पाण्यातले बारीक किडे ती गिळतात. ते पाणी न गाळता प्यायलं की वर्षभराने नारू होतो. हे लोकांना समजलं. बायका फडक्याने पाणी गाळू लागल्या. विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या. १९९६ नंतर भारतात नारूचा रोगी सापडला नाही.

आई-बाबांनो, डेंगीचे डास आपल्या साठवलेल्या पाण्यात होतात. आठवड्यातून एकदा रांजण घासून कोरडा करा!