डावी नळी

बंदूक आणि शाळामास्तर यांचा संबंध काय, असे कुणीही विचारील. तीस वर्षे माझ्या हाताने खडूपेक्षा जड हत्यार धरलेले नाही. पण माझे आजोळ ग्वाल्हेरचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, ती कायमची वस्ती होऊन तिचे नावच लष्कर पडले. त्या लष्करातल्या जुन्या मराठी घरांत देवघर, तुळशीवृंदावन आणि खुंटीवरची बंदूक या तीन गोष्टी मी लहानपणापासून पाहत आलो. आमच्या सीमाभागातल्या मराठीला जसा कानडीचा हेल, तसा तिथल्या मराठीला हिंदीचा. मामा आम्हाला हसत, आम्ही मामांना.

चंबळच्या त्या मुलखात बंदुकीचा परवाना ही घराची प्रतिष्ठा. लग्न ठरवताना जमिनीबरोबर बंदुकीचीही चौकशी होते. परवान्यासाठी इतकी झुंबड की २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदारांना आधी झाडे लावायला सांगितली आणि पुढे गोशाळेसाठी दहा कांबळी मागितली. निवडणूक आली की साऱ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर लोक त्या माहेरवाशिणीसारख्या घरी आणतात.

त्याच वर्षी डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. १९५९ च्या कायद्याप्रमाणे पुढे तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. वारशाने आलेल्या असल्या तरी दोनच. तिसरी वर्षाच्या आत जमा करायची. मामांकडे नेमक्या तीन होत्या. २०२० च्या संक्रांतीला त्यांचा फोन आला, "अरे, तू एम. ए. झालेला माणूस. ये आणि सांग, कुठली ठेवू?"

मी म्हणालो, "मामा, मी एम. ए. मराठीत केलंय."

"म्हणूनच ये. घरातल्या कुणाचंच मत निःपक्ष नाही."

मी गेलो. तिन्ही बंदुका सतरंजीवर मांडलेल्या होत्या. पहिली आजोबांची, विलायती 'पॅरॉडॉक्स'. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फॉस्बेरी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८५ मध्ये ही युक्ती काढली. नळी आतून गुळगुळीत, फक्त तोंडाशी दोन-तीन बोटे आटे. त्यामुळे छर्रेही चालत आणि एकच जड गोळी घातली तर तिला फिरकी मिळून ती रायफलीसारखी सरळ जाई. दुसरी मामांची दुनाळी. तिसरी देशी कारखान्यातली एकनळी. तिला घरात कुणी मान देत नसे. राखणदाराकडे असायची ती.

मामांची अट एकच. जी गोळी सरळ मारील ती ठेवायची. छर्रे कसेही फेकता येतात, बंदुकीची परीक्षा गोळीने होते, असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्या या हट्टाचे मूळ मला ठाऊक होते. १९८४ साली मामेबहिणीच्या लग्नात, वरात दाराशी आली तेव्हा मामांनी चौकातून हर्षफायर केला. मी तेव्हा चौदा वर्षांचा, हातात अक्षता घेऊन जिन्यात उभा होतो. पहिला बार आभाळात गेला. दुसऱ्याच्या वेळी कुणाचा तरी धक्का लागला. समोरच्या सज्जात भाडेकरूंचा नऊ वर्षांचा मुलगा वरात पाहत होता. दोन छर्रे लागले, त्यातला एक डोळ्याला. डोळा गेला. प्रकरण आपसात मिटले. उपचाराचा खर्च मामांनी केला, मुलाची फीही भरली. पण त्या दिवसापासून घरात एक वाक्य रूढ झाले, "त्या दुनाळीची डावी नळी डावीकडे फेकते." छत्तीस वर्षे ते वाक्य मी ऐकत होतो. कुणी त्याची शहानिशा केली नव्हती.

रीतसर परवानगी काढून आम्ही एका रायफल क्लबच्या रेंजवर गेलो. तिथे एक निवृत्त सुभेदार नेमबाजी शिकवत. त्यांनी शिकवलेला धडा मी शाळेतही सांगतो. बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती नळी. रुंदी साडेअठरा मिलिमीटर. गुळगुळीत नळीतून गोळीला फिरकी मिळत नाही. म्हणून ब्रेनेके नावाच्या जर्मन माणसाने १८९८ मध्ये शिशाच्या गोळीला मागून हलके शेपूट जोडले. वजन पुढे, शेपूट मागे; बॅडमिंटनचे फूल जसे तोंड पुढे करूनच जाते, तशी ती जाते. नळीच्या तोंडाशी आवळ असेल तर छर्रे दाट पडतात, पण गोळीला मोकळी नळी बरी. आणि दुनाळीत दोन नळ्या शेजारी, नेम मात्र एकच. कारागीर त्या किंचित एकमेकींकडे झुकवून जोडतो. ठरावीक अंतरापलीकडे त्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात.

"साहेब, नावावर जाऊ नका, कागदावर जा," सुभेदार म्हणाले.

पॅरॉडॉक्स त्यांनी हातात घेतली, नळ्या उजेडाकडे धरल्या आणि अदबीने परत ठेवली. तिची काडतुसे आता मिळत नाहीत आणि आजच्या काडतुसांचा जोर त्या जुन्या नळ्यांवर आजमावणे धोक्याचे. मग खडकीच्या कारखान्यातली गोळीची काडतुसे निघाली. वाळूच्या पिशवीवर टेकवून, पन्नास मीटरवरून, प्रत्येक नळीचे तीन बार. मामांचे वय अठ्ठ्याहत्तर, म्हणून बार सुभेदारांनी काढले. मामा खुर्चीवर बसून पाहत होते.

एकनळीची तिन्ही भोके तळहाताखाली झाकतील अशी पडली. मामा हसले, "राखणदाराची बंदूक!"

मग दुनाळी. उजव्या नळीच्या गोळ्या मध्याच्या डावीकडे गेल्या. डाव्या नळीच्या तिन्ही उजवीकडे, चांगल्या वीतभर.

उजवीकडे. मी कागद दोनदा पाहिला. भाडेकरूंचा सज्जा चौकातून डाव्या हाताला होता, हे मला स्वच्छ आठवत होते. शिवाय चौक तो केवढा! पंधरा-वीस पावलांवर नळीचा दोष फार तर बोटभर. वर आभाळाकडे रोखलेली बंदूक नळीच्या दोषाने सज्जापर्यंत खाली येत नाही. हे गणित मी मनात केले आणि तोंडाने काही बोललो नाही. मुलाने चुकीचे उत्तर स्वतःच खोडायला घेतले की मास्तराने गप्प राहावे.

मामा उठले. कागदापाशी जाऊन त्यांनी ती भोके बोटाने चाचपली. बराच वेळाने म्हणाले, "नळी नव्हती रे. मीच होतो. दोन पेले घेतले होते त्या दिवशी."

परतताना रिक्षात ते एवढेच बोलले, "बिचारीला उगीच बदनाम केलं."

निर्णय मी द्यायची गरज उरली नाही. एकनळी ठेवली, कारण ती सरळ मारते. पॅरॉडॉक्स ठेवली, आजोबांची म्हणून. दुनाळी जमा करायची ठरली. पावती घेताना ठाण्यातल्या हवालदाराने विचारले, "चांगली आहे की, का देता?" मामा म्हणाले, "बंदुकीत दोष नाही."

आता त्या दुरुस्तीप्रमाणे हर्षफायर हा गुन्हा आहे. इतरांच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा चांगला. पण कायद्याला छत्तीस वर्षे मागे जाता येत नाही. तिथे माणसालाच चालत जावे लागते.

मी निघायच्या आदल्या दिवशी मामांनी तिळगुळाचा डबा काढला. तो मुलगा आता पंचेचाळिशीचा, त्याचे औषधांचे दुकान आहे. मामा म्हणाले, "तू बाहेर थांब." मी पायरीखाली थांबलो. आतले शब्द ऐकू आले नाहीत. अर्ध्या तासाने मामा बाहेर आले तेव्हा डबा रिकामा होता आणि दुकानदार त्यांना हाताला धरून, एकेक पायरी दाखवत, उतरवत होता.