बोटवाल्याबरोबर चौदा रात्री

समुद्राच्या काठी जन्माला येऊनही सत्तरी उलटेपर्यंत आम्ही खरा समुद्र पाहिला नव्हता. अर्नाळ्याच्या बेटावर होडीने जाऊन येणे, एवढाच काय तो आमचा दर्यावर्दीपणा. याउलट आमचा बालमित्र १९७४ साली जो बोटीवर लागला तो २००८ साली उतरला. त्याचे बाप्तिस्म्याचे नाव आता केवळ धर्मग्रामाच्या नोंदवहीत उरले आहे. गावातले लहानथोर त्याला 'बोटवाला' म्हणतात. आम्ही शाळेत शिकवीत होतो म्हणून त्याच्या लेखी आम्ही 'मास्तर'. दोघांनी एकाच दिवशी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला होता, हे नाते त्याहून जुने.

त्याची पत्नी देवाघरी गेल्यावर तो घरात घुमा होऊन बसू लागला. तेव्हा मुलांनी त्याच्यापुढे भूमध्य समुद्रातील चौदा रात्रींच्या सफरीचे कागद ठेवले. "पप्पा, आयुष्यभर दुसऱ्यांना फिरवलेत, आता स्वतः फिरा." त्याने एकच अट घातली, 'मास्तर येत असेल तरच.' आमच्या भाड्यावरून बरीच हुज्जत झाली. अखेर निम्मे पैसे आम्ही निवृत्तिवेतनातून भरले आणि निम्म्याच्या बदल्यात त्याने आम्हांस आठवडाभर रोज मासे आणायला लावले. व्हिसाच्या रांगांविषयी न लिहिलेलेच बरे.

ऑक्टोबर महिन्यात अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून आम्ही निघालो. पुढे थेस्सलनीका, इस्तंबूल, इफिसजवळचे कुशादासी, पॅटमॉस, रोड्स, क्रेट, माल्टा, मेसिना, नेपल्स आणि शेवटी रोमचे बंदर चिव्हिताव्हेक्किया. आमच्या पिशवीत बायबल होते. त्याच्या पिशवीत सुकेळी होती.

पहिल्या संध्याकाळची गोष्ट. भोजनगृहात बसलो. वाढणारा तरुण सूप घेऊन आला आणि आमचा मित्र ताडकन उठून उभा राहिला! चौतीस वर्षे जो हात वाढत होता त्याला वाढून घेणे जमेना. जेवण झाल्यावर त्याने आमच्याच नव्हे तर शेजारच्या टेबलावरील जर्मन दांपत्याच्याही बशा एकावर एक रचून ठेवल्या. ती बाई आधी घाबरली, मग हसली. सकाळी उठून पाहतो तो याने आपला बिछाना चादरीचे कोपरे मुडपून असा काही लावला होता की वर रुपया टाकला तर उडावा. आमच्या केबिनीची व्यवस्था पाहणारा मुलगा गोव्यातील साष्टीचा होता. तो कोकणीत काकुळतीला आला. अशाने मुकादमाला वाटेल की हा कामाला येतच नाही! तेव्हापासून मित्र बिछाना लावी तो लावीच, पण एक उशी मुद्दाम वाकडी ठेवी.

बोट म्हणजे काय हे आम्हांस त्याच्यामुळे कळले. दोन हजार प्रवासी आणि सुमारे नऊशे नोकर. प्रवासी जिन्याने, लिफ्टने वरखाली करतात तेव्हा त्यांच्या पायाखाली बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब बोळ असतो. तेथून धान्य, कपडे, कचरा, माणसे यांची अखंड ये-जा चालू असते. पुष्कळ बोटींवर नोकरमंडळी त्या बोळाला 'आय-नाइन्टी-फाइव्ह' म्हणतात, अमेरिकेतील एका महामार्गावरून. त्याचे आयुष्य त्या बोळात गेले. "मास्तर, समुद्र मी वाटोळ्या खिडकीतून पाहिला," तो म्हणाला. धोक्याच्या सूचनेची कवायत झाली तेव्हा सात आखूड आणि एक लांब असा भोंगा वाजला. इतर प्रवासी गप्पा मारीत होते. हा मात्र ओठांतल्या ओठांत भोंगे मोजीत ताठ उभा होता.

इफिस, पॅटमॉस यांविषयी अनेक यात्रेकरूंनी लिहिले आहे. आम्ही त्यात भर घालीत नाही. इफिसच्या दगडी प्रेक्षागृहात मात्र आम्हांस एका माणसाची आठवण झाली. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, अर्तमीचे रुप्याचे देव्हारे करणाऱ्या सोनारांनी दंगल केली तेव्हा जमावाने पौलाच्या दोन सोबत्यांना ओढून याच प्रेक्षागृहात नेले. त्यांतला एक थेस्सलनीकाचा अरिस्तार्ख. सत्ताविसाव्या अध्यायात संत पौल कैदी म्हणून रोमला निघतो तेव्हा तोच अरिस्तार्ख पुन्हा बोटीवर आहे. त्याने काय केले, तो काय बोलला, याचा एक शब्दही लूक लिहीत नाही. तो बरोबर होता, एवढेच. मित्राला आम्ही हे सांगितले. तो म्हणाला, "मग तिकीट कोणी काढले त्याचे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

क्रेटहून माल्टाकडे निघालो तो दिवस पूर्ण समुद्रावरचा. आमची बोट क्रेटच्या उत्तर किनाऱ्याने गेली. पौलाच्या जहाजाने जेथे आसरा घेतला ते 'सुंदर बंदर' दक्षिणेला आहे. ते पाहायला मिळाले नाही याची आम्हांस हळहळ वाटली. तो अध्याय आम्ही डेकवरच्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचला. लूकही तेथे 'आम्ही' म्हणूनच लिहितो. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास होऊन गेला होता, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस. भूमध्य समुद्रात त्यानंतर वादळांचा हंगाम, म्हणून पौल निघू नका म्हणत होता. पण शताधिपतीने त्याच्यापेक्षा तांडेल आणि जहाजमालक यांच्यावर भरवसा ठेवला. मग ईशान्येचे वादळ, जहाजाला दोरखंडांनी आवळणे, माल समुद्रात टाकणे. चौदाव्या रात्री खलाशांनी पाणी मोजले तो वीस वाव, थोड्या वेळाने पंधरा वाव. जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकून ते पहाटेची वाट पाहत राहिले. जहाजावर दोनशे शहात्तर माणसे होती. जेम्स स्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८४८ साली या प्रवासावर एक पुस्तक लिहिले. दिवसाला छत्तीसएक मैल या वेगाने भरकटणारे जहाज क्रेटजवळच्या बेटापासून माल्टाला सुमारे तेरा दिवसांत पोहोचते, असा हिशेब त्याने मांडला. लूकच्या चौदा रात्रींशी तो जुळतो. आम्हांस या प्रवासाला दीड दिवस पुरला.

मित्राने सारे लक्षपूर्वक ऐकले. मग म्हणाला, "पाणी मोजणारे तेवढे खरे. बाकीचे देवाच्या हातात."

रात्री वारा सुटला. बोट हलू लागली. झोप येईना म्हणून आम्ही दोघे मागच्या डेकवर आडोशाला जाऊन बसलो. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "मास्तर, याच पाण्यात मला आयची तार मिळाली होती."

१९८७ सालचा ऑक्टोबर. तार मुंबईच्या एजंटाकडे गेली होती. तेथून बिनतारी यंत्राने बोटीवर. संध्याकाळी पाच वाजता त्याला बोलावून सांगण्यात आले आणि सात वाजता जेवणाची घंटा झाली. त्या रात्री त्याने नेहमीप्रमाणे सूप वाढले.

ती तार आम्हीच केली होती. परंतु तारेच्या आधी एक पत्र होते आणि ते आमच्या छातीवर इतकी वर्षे बसून होते. मावशींना, म्हणजे त्याच्या आईला, लिहितावाचता येत नव्हते. दर पंधरवड्याच्या रविवारी मिस्सा आटोपली की त्या आमच्या ओटीवर येऊन बसत आणि सांगत; आम्ही लिहीत असू. १९८७च्या सप्टेंबरात त्यांनी अंथरूण धरले तेव्हा आम्ही कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्या एवढेच म्हणाल्या, "त्याला ये म्हणून लिही." तीनदा म्हणाल्या. आम्ही ते लिहिले नाही. करार अर्धवट सोडून आला तर परतीचे भाडे त्याच्या खिशातून जाईल, पुन्हा बोट मिळेल न मिळेल. घरावर पतपेढीचे कर्ज होते, बहिणीचे लग्न पुढच्या वर्षी ठरले होते. असा सारा हिशेब आम्ही त्यांच्या उशाशी बसून केला. प्रकृती थोडी नरम होती, आता उतार आहे, काळजी नसावी, असे लिहिले. मावशींनी पत्र वाचून दाखवायला सांगितले तेव्हा जे लिहिलेच नव्हते ते आम्ही वाचून दाखवले.

हे पाप आम्ही धर्मगुरूंजवळ केव्हाच निवेदन केले होते. त्यांनी पापमुक्ती दिली आणि मित्रालाही सांगा, असे बजावले. ते आमच्याच्याने झाले नाही. तो दर वेळी सुटीवर येई, आमच्यासाठी पेन आणी, आणि आम्ही ते पेन घेत असू.

त्या रात्री आम्ही सारे सांगितले. समोर पाहूनच सांगितले. त्याच्याकडे पाहण्याचा धीर नव्हता.

तो लगेच बोलला नाही. बोलला ते असे: "त्या पत्रात विहीर नव्हती."

आम्हांस उमगेना. मग आठवले. मावशी कोणतेही पत्र विहिरीपासून सुरू करीत. पाणी किती हात खाली गेले, हे पहिले वाक्य. मग पानवेली, मग केळी, मग माणसे.

"विहिरीशिवाय आयचे पत्र कधी आलेच नाही. ते वाचले तेव्हाच समजलो, हे मास्तरचे पत्र आहे, आयचे नाही. म्हणजे ती सांगण्याच्या स्थितीत नाही, किंवा सांगते ते तू लिहीत नाहीस. वरच्या साहेबाकडे जाऊन रजा मागता आली असती. गेलो नाही. मास्तरने ठीक आहे म्हणून लिहिलेय ना, असे मनाला सांगितले. तुझे पत्र मी खिशात घालून फिरलो महिनाभर. मला वाटायचे, तू मला सोडवलेस."

आम्ही क्षमा मागितली की नाही, हे आता नीटसे आठवत नाही. त्याने क्षमा केली असे तो म्हणाला नाही. त्याने विचारले, "ती नेमके काय म्हणाली?" आम्ही मावशींचे ते तीन शब्द, त्यांच्या बोलीत, जसेच्या तसे सांगितले. मग तो रेलिंगपाशी जाऊन उभा राहिला. आम्ही बसूनच राहिलो. थंडी वाजू लागली तेव्हा तो परत आला आणि आपल्या खांद्यावरचा टॉवेल आमच्या गुडघ्यांवर टाकून केबिनीकडे निघून गेला.

सकाळी माल्टा. वॅलेट्टाच्या बंदरात शिरताना दोन्ही बाजूंनी मधाच्या रंगाचे दगडी कोट उभे राहतात. छोट्या मासेमारी होड्यांच्या नाळेवर डोळे रंगवलेले असतात. येथील भाषा अरबी कुळातली, पण लिहितात रोमन लिपीत. हे कट्टर कॅथलिक लोक देवाला 'अल्ला' म्हणतात आणि प्रायश्चित्तकाळाला 'रांदान'! आपण ख्रिस्तजन्माला पोर्तुगीजांचा शब्द घेऊन नाताळ म्हणतो, त्यातलाच प्रकार. काही चर्चेसना दोन घड्याळे असतात. त्यांतले एक मुद्दाम चुकीची वेळ दाखवते, सैतानाला मिस्सेची वेळ कळू नये म्हणून. मित्र म्हणाला, आपल्या गावात घड्याळ बरोबर असूनही माणसे प्रवचनानंतर येतात.

संत पौलाच्या जहाजफुटीच्या नावाने वॅलेट्टात एक चर्च आहे. १० फेब्रुवारीला तेथे मोठा सण होतो. पौलाच्या मनगटाचे अस्थिअवशेष आणि ज्या स्तंभावर त्याचा शिरच्छेद झाला असे मानतात त्याचा तुकडा तेथे जपलेला आहे. आम्ही गेलो तेव्हा दुपारची वेळ होती. आत एक म्हातारी जपमाळ करीत बसली होती. मित्राने मेणबत्ती लावली आणि बाकावर गुडघे टेकले. त्याचे गुडघे दुखतात, हे आम्हांस ठाऊक होते. तासाभराने आम्ही त्याला, राबात गावी जाऊन पौलाची गुहा पाहायची आहे, असे सुचवले. २०१० साली पोप बेनेडिक्ट आणि २०२२ साली पोप फ्रान्सिस ज्या गुहेत प्रार्थना करून गेले ती पाहण्याची आमची फार इच्छा होती. तो म्हणाला, "तू जाऊन ये." आम्ही गेलो नाही. गुहा राहून गेली.

माल्टानंतर त्याच्यात एक बदल झाला. वाढणारा मुलगा आला की तो बसून राही. कॉफीचा कप पुढे करी. साष्टीच्या त्या मुलाला रोज रात्री आईशी फोनवर, तेही चेहरा पाहत, बोलता येते असे कळल्यावर त्याने त्याला विचारले, "पहिल्यांदा काय सांगते?" मुलगा म्हणाला, जेवलास का विचारते. "खरे सांगतोस का?" या प्रश्नावर पोरगा नुसता हसला. उरलेली सुकेळी त्याने त्या पोराला देऊन टाकली.

नेपल्सच्या बंदरात एका टपरीवर त्याने व्हेसुव्हियसचे चित्र असलेले एक कार्ड घेतले. गावातल्या बहिणीला पाठवायचे होते. लिहायला बसला, मग पेन आमच्या हातात दिले. "मास्तर, तू लिही. मी सांगतो."

आम्ही कार्ड गुडघ्यावर धरले.

"लिही. विहिरीचे पाणी किती खाली गेले?"

आम्ही तेच लिहिले. पुढे तो सांगत गेला तसेच लिहीत गेलो आणि शेवटी त्याला वाचून दाखवले. त्याने चष्मा लावून ते पुन्हा स्वतः वाचले.

आम्ही घरी परतल्यावर बावीस दिवसांनी ते कार्ड आले. बहिणीने उत्तर तोंडीच दिले. पाणी आठ हात खाली आहे.