पैनगंगेच्या काठचे आम्ही

इस्लापूर म्हटले की बाहेरगावचा माणूस हमखास इसापूर ऐकतो. इसापूर म्हणजे पैनगंगेवरचे मोठे धरण. इस्लापूर हे त्याच नदीच्या खालच्या अंगाला, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले गाव. नावांत एका अक्षराचा फरक आहे, पण दोघांचे नाते पाण्याचे आहे. वर इसापूरला पाणी अडले की इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्याचा आवाज बसतो. पावसाळा भरला आणि धरणाचे दरवाजे उघडले की तो दुरूनच ऐकू येऊ लागतो.

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगवते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. तिचे पाणी प्राणहितेतून शेवटी गोदावरीतच जाते. म्हणजे नांदेडच्या घाटावरून वाहून गेलेले पाणी आणि आमच्या आजोळचे पाणी खूप दूर, तेलंगणाच्या सीमेवर एकमेकांना भेटते. इस्लापूरच्या बाजूला मात्र ती हद्दीची नदी आहे. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ.

आम्ही या भागातल्या मुळांची माणसे, पण नदी पाहायला म्हणून कधी गेलो नव्हतो. आमच्या घरांतून बाहेर पडायची कारणे ठरलेली असत : लग्न, मयत, नाहीतर जियारत. निव्वळ डोंगर, झाडे किंवा पाणी बघण्यासाठी गाडीभाडे खर्च करणे हा श्रीमंतांचा शौक समजला जाई. 2022 च्या ऑगस्टमध्ये मुलींनी हट्ट धरला तेव्हा खालाचा पहिला सवाल हाच होता, "पानी देखने कू इत्ता दूर कायकू जाना?" वाटेत माहूरकडे शेख फरीदबाबांच्या ठिकाणीही जाऊ, असे सांगितल्यावर ती तयार झाली. सर्वांत आधी तयार होऊन बसले होते ते बडे अब्बा. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखतात, पण इस्लापूरचे नाव ऐकून त्यांनी काठी हातात घेतली होती.

दोन जीपगाड्यांतून आम्ही भोकर, हिमायतनगर या मार्गाने निघालो. हिमायतनगर म्हणजे जुने वाढोणा. नाव निजामी काळात बदलले, तरी जुनी माणसे अजून वाढोणाच म्हणतात. रेल्वेने यायचे तर मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचेच स्थानक आहे आणि त्यापुढे बोधडी बुजुर्ग. बुजुर्ग म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. हे फारसी शब्द या मुलखातल्या गावांच्या नावांत इतके मुरलेले आहेत की ते कुठून आले असे कुणी विचारत नाही.

सहस्रकुंडाला नदी काळ्या खडकाच्या रुंद पात्रातून येते आणि एकदम कड्यावरून खाली कोसळते. पाणी कमी असले की खडकाच्या फटीफटींतून वेगवेगळ्या धारा पडतात. त्या दिवशी धारा वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. चहाच्या रंगाचा एकच लोंढा आणि वर उडालेले तुषार. काठावर महादेवाचे मंदिर आहे. दर्शनाला आलेली माणसे, आदिवासी पाड्यांवरून आलेली कुटुंबे, तांड्यांवरच्या बाया, शाळेची पोरे आणि आम्ही, सगळेच एका रांगेत भिजत उभे होतो. गोंडी, बंजारा, तेलुगू, दखनी, मराठी असे सगळे बोल कानावर पडत होते आणि पाण्याच्या आवाजामुळे प्रत्येकाला ओरडूनच बोलावे लागत होते.

आम्ही थोडे मागे, झाडाखाली दस्तरखान अंथरला. खिचडी, खट्टा, पापड आणि भाकरीसोबत अंबाडीची चटणी. शेजारी एक कुटुंब जेवत होते. त्यांनी आम्हांला धपाटे दिले, आम्ही खट्टा दिला. गप्पा सुरू झाल्या. मग त्या गृहस्थांनी अगदी मोकळ्या मनाने म्हटले, "तुमचं मराठी चांगलं आहे हो. मूळचे कुठले तुम्ही?"

हा प्रश्न आम्हांला नवा नाही. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट नसते. पण मराठी चांगले आहे म्हणून ज्यांचे कौतुक होते, त्यांना ती भाषा त्यांची नाही हेही त्याच वाक्यात सांगितले जाते. आमच्यातला एकजण काहीतरी तिखट बोलणार होता. बडे अब्बांनी हात वर करून त्याला थांबवले.

ते म्हणाले, "मी इथलाच, साहेब. इस्लापूर मंडळातला. मी जन्मलो तेव्हा हे मंडळ बोथ तालुक्यात होतं, आदिलाबाद जिल्ह्यात. शाळा उर्दूत शिकलो. वडिलांच्या शेताचे कागद उर्दूत होते. 1948 मध्ये निजामाचं राज्य गेलं. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे पूर्ण तालुके आणि बोथमधलं एवढंच इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आलं. कायद्यात आमच्या मंडळाचं नाव आहे. बाकीचं बोथ तिकडं राहिलं, ते आज तेलंगणात आहे. मी मोठेपणी बाराखडी गिरवून मराठी लिहायला शिकलो. बोलता तर आधीपासून येत होतं." मग आमच्याकडे वळून दखनीत म्हणाले, "गाँव वइच है, जिल्हे बदले."

त्या गृहस्थांना यातले काहीच माहीत नव्हते. खरे सांगायचे तर आमच्या मुलींनाही नव्हते. त्यांनी बडे अब्बांना जेवण संपेपर्यंत प्रश्न विचारले आणि ते गृहस्थही ऐकत बसले. हद्दीच्या या नदीने आम्हांला कधी एका राज्यात ठेवले, कधी दुसऱ्या. पण आम्ही कुठून आलो नव्हतो. हद्दच आमच्यावरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी किनवटमार्गे सागाच्या जंगलातून माहूरकडे गेलो. याच खोऱ्यात पैनगंगा अभयारण्य आहे आणि किनवट तालुक्यातच उनकेश्वरचे गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत. कातडीच्या दुखण्यांवर गुण येतो या विश्वासाने तिथे सगळ्या जातिधर्मांची माणसे अंघोळीला येतात. माहूरला रेणुकामातेचा गड आहे, दत्तशिखर आहे, सोनापीरांचा दर्गा आहे आणि जवळच वझरा शेख फरीद. तिथे दरीत कोसळणारा धबधबाही बाबांच्याच नावाने ओळखला जातो. खाला आली होती जियारतला. फातेहा पढून झाल्यावर ती जी पाण्यासमोर उभी राहिली ती हलेना. शेवटी म्हणाली, "बुजुर्गों ने जगह देख के बैठक डाली." म्हणजे पाणी बघायला येणारे आम्ही पहिले नव्हतो.

हे सारे सांगायचे ते एवढ्यासाठी की या खोऱ्याशी नाते कागदांवर आहे, पण तेवढ्याने पुरत नाही. मुलांना आपल्या मुलखाची झाडे, नद्या, वाटा ओळखता आल्या पाहिजेत. मोह कुठला, साग कुठला, पळस कुठला, हे ज्याला सांगता येत नाही त्याला "मूळचे कुठले" याचे उत्तर देताना अडखळायला होते. आणि आपलेपणा सांगायचा तर जबाबदारीही आपलीच. धबधब्याच्या काठावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि प्लास्टिकच्या पत्रावळ्यांचा खच पडला होता. निसरड्या खडकावर फोटो काढायला गेलेली पोरे बुडाल्याच्या बातम्या येतात. उन्हाळ्यात तर कोसळणाऱ्या पाण्याच्या जागी नुसते काळे खडक उरतात.

ज्यांना जायचे आहे त्यांनी जुलै ते सप्टेंबर या काळात जावे. कड्यापासून लांब उभे राहावे. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणावा. आणि घरात बडे अब्बांसारखे कुणी असेल तर त्यांना आधी गाडीत बसवावे. त्यांना दिसते ते नदीकाठच्या कुठल्याही फलकावर लिहिलेले नाही आणि ते सांगायला त्यांच्यापाशी आता फार पावसाळे नाहीत.