डांबर संपते तेथून पुढे

नाशिक जिल्ह्यातील आपली स्थाने नकाशावर पाहिली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. म्हसरूळचे गजपंथ शहराला लागून आहे आणि विल्होळीचे धर्मचक्र तीर्थ महामार्गावरच आहे. परंतु अंजनेरीची भग्न मंदिरे, त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याचे लेणे, मनमाडजवळची अनकाई-टणकाईची लेणी आणि बागलाणातील मांगी-तुंगी ही सारी मोठा रस्ता सोडून आत वळल्यावरच भेटतात. आतल्या रस्त्यांवर कुठे साइडपट्टी खचलेली असते, कुठे नुसती खडी पसरलेली, तर कुठे काळ्या मातीतील बैलगाडीच्या चाकोऱ्या. या वाटांसाठी मी सेवानिवृत्तीनंतर डांबरीवर आणि कच्च्या रस्त्यावर सारखीच चालेल अशी मोटारसायकल घेतली.

या जातीच्या गाड्या आपल्याकडे फार जुन्या नाहीत. हिरोची इम्पल्स 2011 मध्ये आली आणि काही वर्षांत बंद झाली. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन आली, 2019 मध्ये हिरोची एक्सपल्स 200. दोन्हींचे पुढचे चाक 21 इंचांचे आहे. मोठे चाक खड्ड्यात पडत नाही, त्यावरून ओलांडून जाते, हे त्यामागचे साधे कारण. जमिनीपासूनची उंचीही दोन्हींची 220 मिलिमीटर. शक्तीच्या हिशेबाने हिमालयन सरस. पण साठीनंतर पहिला प्रश्न शक्तीचा नसतो. आडवाटेला गाडी कलंडली, तर ती एकट्याने उभी करता येईल का, हा असतो. मी एक्सपल्स घेतली, कारण ती हिमालयनपेक्षा बरीच हलकी आहे.

अंजनेरीला त्र्यंबक रस्त्यावरून वळावे लागते. तेथील मंदिरे पाहताना व्यापारी कुटुंबांतील वाचकांनी एका शिलालेखाची आठवण ठेवावी. शके 1063 मधला, म्हणजे साधारण इसवी सन 1141-42 मधला हा लेख यादव राजा सेऊणदेवाच्या वाणी मंत्र्याने जैन मंदिराला काही दुकानांचे उत्पन्न लावून दिल्याचे नोंदवतो. आज छत ढासळलेल्या त्या मंदिरामागे एके काळी भरलेली बाजारपेठ होती आणि तिच्या गल्ल्यातून मंदिराची दिवाबत्ती चालत होती. दान एकदा दिले आणि विसरले असे नव्हते. चालू उत्पन्नातून चालू खर्च भागवण्याची ती व्यवस्था होती. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला तो लेख फार आवडतो.

वाहनाचेही तसेच आहे. खरेदीची रक्कम एकदाच जाते. निगा रोजची असते. गाडीची मी वेगळी खतावणी ठेवली आहे आणि तिच्यात घसारा प्रामाणिकपणे लिहितो. दर पाचशे किलोमीटरला साखळी पुसून तिला वंगण द्यायचे, तिचा ताण मापात आहे का ते पाहायचे. तारांच्या चाकातील प्रत्येक तार पान्याने हलकेच वाजवायची. ताणलेली तार खणखणते, सैल तार बद्द आवाज करते. येवला-चांदवडकडच्या उन्हाळी धुळीतून आलो की हवेची जाळी आधी उघडायची, मग घरच्यांना प्रवासवर्णन सांगायचे. कच्च्या रस्त्यावर टायरमधली हवा चार-पाच पौंडांनी कमी केली की पकड सुधारते. डांबरीवर परतताच ती पुन्हा भरावी लागते, म्हणून पायपंप सोबत असतो. या गाडीला ट्यूबचे टायर आहेत. पुष्कळांना तो उणेपणा वाटतो, मला नाही. गावोगावच्या पंक्चरवाल्याला ट्यूब जोडता येते. मात्र 21 इंची ट्यूब त्याच्याकडे मिळत नाही, ती आपल्या पिशवीत हवी. अडचणीच्या वेळी तीच मागच्या 18 इंची चाकातही बसवता येते. याखेरीज क्लचची एक तार आणि एक लिव्हर. एवढ्यावर थांबावे. या गाड्यांसाठी बाजारात इतक्या पेट्या, दिवे आणि संरक्षक नळ्या मिळतात, की परिग्रह-परिमाणाचे व्रत दुकानाच्या दारातच मोडते. वाढलेले प्रत्येक किलो खडीच्या चढावर हँडलला जाणवते.

लांबचा पल्ला म्हटला, तर नाशिकहून श्रवणबेळगोळ सुमारे हजार किलोमीटर आहे. तरुण मंडळी दोन दिवसांत जातात. मी चार दिवस धरतो. दिवसाला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे जायचे नाही. कारण सूर्यास्तापूर्वी भोजन व्हायचे असेल, तर धर्मशाळेत उजेडी पोहोचलेच पाहिजे. रात्रीभोजनत्यागाने माझा रात्रीचा प्रवास आपोआप सुटला. रात्री दिव्यावर आदळून मरणारे असंख्य जीव वाचतात, आणि समोरून डोळ्यांवर येणाऱ्या प्रकाशाच्या झोतात खड्डा न दिसण्याचा धोकाही टळतो. दिग्व्रतात दिशांची मर्यादा ठरवतात. वाहनावर बसणाऱ्याने तासांचीही ठरवावी.

पावसाळ्यात गाडी बहुतेक उभीच असते. त्रिंगलवाडी पाहावी ती श्रावणात, भातखाचरे भरली असताना, असे भटके सांगतात. खरे असेल. पण तेव्हा त्या वाटांवर गांडुळे, गोगलगायी आणि नाना कीटक पसरलेले असतात आणि चाकाला पुढे पाहून पाऊल टाकता येत नाही. मूर्तीच्या बैठकीवर शके 1266 चा लेख असलेले तेथील ऋषभनाथ मार्गशीर्षातही तेथेच असतात. चातुर्मासाचे ते चार महिने मी ब्रेकचे तेल बदलणे, बेअरिंग तपासणे, टायर पाहणे यासाठी ठेवतो. उतरवलेले काळे ऑइल परसात किंवा गटारात ओतू नये. डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे. मातीत मुरलेल्या ऑइलने किती जीव जातात, याची गणती कुठल्याही खतावणीत मावणार नाही.

कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतात, आणि खरी परीक्षा तेव्हा असते. मुंबई-आग्रा महामार्गावर पहाटेच्या अंधुक उजेडात साधू-साध्वींचे समूह कडेने चालताना दिसतात. शेजारून ट्रक सुटलेले असतात. रस्ते रुंद होत गेले, पण पायी चालणाऱ्यासाठी त्यांत जागा धरली गेली नाही. विहारातील अपघातांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, हळहळतो आणि आपल्याच मोटारीने त्याच महामार्गावरून दर्शनाला भरधाव निघतो. अशा समूहाजवळ हॉर्न वाजवू नये. वेग पार उतरवावा, मागून येणाऱ्यांसाठी इशाऱ्याचे दिवे लावावेत आणि पुरेसे अंतर सोडून पुढे जावे. शक्य असेल तेथे संघातील तरुणांनी चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून समूहाच्या मागे-पुढे चालावे. काही ठिकाणी हे होतेही. मोटारसायकल चालवणाऱ्या आपल्या मुलांना हे काम सांगून पाहा. नाही म्हणणार नाहीत.

या वर्षी पौर्णिमेनंतर मांगी-तुंगीला जायचे ठरवले आहे. नाशिकहून ताहराबादमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. 2016 मध्ये प्रतिष्ठापना झालेली भगवान ऋषभदेवांची 108 फुटी अखंड पाषाणमूर्ती आणि दोन्ही सुळक्यांवरील जुनी लेणी निवांत पाहायची, तर मुक्कामच हवा. पायथ्याची जमीन मऊ असली, तर गाडीचा साइड स्टँड रुततो. त्याच्याखाली ठेवायला तळहाताएवढी लाकडी फळी पिशवीत घातली आहे. पुढे हजारो पायऱ्या आहेत, आणि तेथे 21 इंची चाकाचा काही उपयोग नाही.